तारागोना: पाया रोमचा, पगार रसायनांचा

बार्सिलोनाहून किनाऱ्याच्या कडेने दक्षिणेला निघालं की सुमारे शंभर किलोमीटरवर तारागोना लागतं. लोकसंख्या सव्वा लाखाहून जास्त. युनेस्कोने २००० साली या शहरातली आणि आसपासची १४ रोमन स्थळं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. समोर भूमध्य समुद्र, वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन आणि शेजारी बार्सिलोनासारखं पर्यटकांनी ओसंडून वाहणारं शहर. कागदावर पाहिलं तर तारागोनाने निवांत पर्यटनावर जगायला हवं. पण घराघरांत येणारा पगार मुख्यतः पेट्रोरसायनांचा, बंदराचा आणि सरकारी कचेऱ्यांचा आहे. स्पेनच्या रासायनिक उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा या परिसरातून येतो.

पर्यटन कमी पडलं म्हणून कारखाने आले, असा सोपा निष्कर्ष काढता येतो. मला तो पटत नाही. त्या त्या वेळी घेतलेला जवळपास प्रत्येक निर्णय शहाणपणाचाच होता. घोटाळा झाला तो वाटणीत. वारसा टेकडीवरच्या जुन्या गावाच्या वाट्याला आला आणि धोका फ्रांकोली नदीपलीकडच्या वस्त्यांच्या. १४ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी ही वाटणी साऱ्या स्पेनला दिसली.

टेकडी

इसवी सनपूर्व २१८ मध्ये रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरला, त्याच वर्षी रोमन सेनापती ग्नेयस स्किपिओ फौज घेऊन स्पेनच्या किनाऱ्यावर आला. कार्थेजची रसद तोडणं हे त्याचं काम. तळ म्हणून त्याने इबेरियन लोकांच्या वस्तीजवळची समुद्रावर नजर ठेवणारी ही टेकडी निवडली आणि लष्करी छावणीची ‘तार्राको’ झाली. तेव्हाच्या तटबंदीचा हजार-अकराशे मीटरचा भाग अजून उभा आहे. खाली माणसाएवढे ओबडधोबड धोंडे, वर नीट घडवलेला दगड.

पुढे ही रोमन स्पेनच्या सर्वांत मोठ्या प्रांताची राजधानी झाली. इसवी सनपूर्व २६-२५ मध्ये उत्तरेतल्या युद्धाच्या काळात सम्राट ऑगस्टस इथे मुक्कामाला होता, म्हणजे काही काळ साम्राज्याचा कारभार इथूनच चालला. त्याच्या नावाने बांधलेल्या वेदीवर पामचं झाड उगवलं, तेव्हा शहराच्या लोकांनी मोठ्या हौसेने हा शुभशकुन त्याला कळवला. त्याचं उत्तर रोमन लेखकांनी नोंदवून ठेवलंय: म्हणजे त्या वेदीवर तुम्ही किती वेळा अग्नी पेटवता ते कळलंच. खुशामतीला इतकं नेमकं उत्तर इतिहासात क्वचितच सापडेल.

टेकडीवर रोमनांनी तीन टप्पे पाडले. सर्वांत वर देऊळ, मधे प्रांताच्या कारभाराचा चौक आणि खाली रथांच्या शर्यतींचं मैदान. देवळाच्या जागी आज कॅथेड्रल आहे. ११७१च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं आणि १३३१ मध्ये ते अर्धवट दर्शनी भागासह पवित्र करण्यात आलं. तो दर्शनी भाग अजूनही अपुराच आहे. रथांचं मैदान तीनशे मीटरहून लांब होतं, तीसेक हजार माणसं बसतील एवढं. नगरपालिकेसमोरच्या प्लासा दे ला फोंत या चौकात लोक दुपारी खुर्च्या टाकून व्हर्मुट पीत बसतात, तिथेच पूर्वी रथ धावायचे. आसपासची घरं प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या कमानींवर उभी आहेत. एखाद्या बारच्या मागच्या खोलीत शिरलात तर डोक्यावरचं कमानदार छत पहिल्या शतकातलं असू शकतं. तिकीट नाही, दोरी नाही, खाली बिअरची पिंपं रचलेली.

पण हे शहर आपल्या अवशेषांशी कसं वागत आलं, ते पाहायचं तर अँफिथिएटरकडे उतरायला हवं. बांधकाम दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं, बसायला सुमारे १४ हजारांची जागा. काही पायऱ्या उतारावरच्या कातळात थेट कोरलेल्या, बाकीच्या कमानींवर. २१ जानेवारी २५९ रोजी बिशप फ्रुक्तुओसुस आणि त्याच्या दोन डीकनना, म्हणजे मदतनीस धर्मसेवकांना, याच रिंगणात जिवंत जाळलं गेलं. सहाव्या शतकात व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीच्या राजवटीत त्यांच्या स्मरणार्थ रिंगणाच्या मधोमध चर्च उभं राहिलं, बाराव्या शतकात त्याच पायावर दुसरं. पुढे तिथे मठ झाला. अठराव्या शतकाच्या शेवटी मठवासी उठले आणि जागा तुरुंगाला मिळाली. बंदराच्या बांधकामावर राबणारे कैदी रात्री इथे कोंडले जायचे. तुरुंग १९०८ मध्ये बंद झाला. आज कठड्यावरून खाली पाहिलं की दोन चर्चचे पाये एकात एक अडकलेले दिसतात आणि त्यांच्याखाली रिंगणातले जुने खंदक.

मधल्या काळातल्या पडझडीवर इथे फार थांबत नाही. रोम गेलं, व्हिसिगॉथ गेले, अरबी सत्तेच्या काळात शहर जवळजवळ ओस पडलं आणि बाराव्या शतकात ख्रिस्ती सरदारांनी ते पुन्हा वसवलं. त्यानंतरचा सर्वांत मोठा घाव २८ जून १८११चा. त्या दिवशी नेपोलियनच्या सूशे या सेनापतीने वेढ्याच्या शेवटी तट फोडून शहर घेतलं आणि सैनिकांनी नागरिकांची सरसकट कत्तल केली. दोन वर्षांनी फ्रेंच गेले ते तटबंदी सुरुंगाने उडवूनच.

बंदराने खाल्लेली टेकडी

१७९० मध्ये बंदराचं काम नव्याने सुरू झालं. धक्क्याला दगड हवा होता आणि तो सर्वांत स्वस्त मिळत होता शेजारच्या टेकडीतून. ती खाण पुढे दशकानुदशकं चालली आणि खालच्या रोमन वस्तीचा मोठा भाग तिने गिळला. गमतीची गोष्ट अशी की या शहरातल्या पुरातत्त्वाची सुरुवातही त्याच खाणीतून झाली, कारण सुरुंगामागून सुरुंग उडत होते आणि मागाहून मूर्ती, शिलालेख, मोझेक गोळा करत फिरणारी मंडळी तयार झाली. १८६५ मध्ये बार्सिलोनाची रेल्वे आली ती किनाऱ्याला अगदी खेटून, अँफिथिएटर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून. तेव्हापासून तारागोनाकर समुद्र वरून पाहतात. रांबला नोवा हा मुख्य रस्ता जिथे संपतो तिथे ‘भूमध्याचा सज्जा’ म्हणतात तो लोखंडी कठडा आहे. नशीब उघडावं म्हणून त्याला हात लावायची रीत आहे. खाली उतरून पाण्यात पाय घालायचे तर रूळ ओलांडण्याची सोय आधी शोधावी लागते.

१९२३ मध्ये फ्रांकोली नदीजवळ तंबाखूच्या सरकारी कारखान्याचा पाया खणताना ख्रिस्ती दफनभूमी लागली. पुढच्या दहा वर्षांत तिथे दोन हजारांहून जास्त थडगी निघाली. कारखाना उभा राहिलाच, त्याच्या आवारात संग्रहालयही झालं. आता कारखाना बंद आहे, थडगी तशीच आहेत.

एक छोटा धंदा मात्र शहराच्या जिभेवर राहिला. फ्रान्समधून हाकललेल्या कार्थुसियन साधूंनी १९०३ मध्ये इथे येऊन वनस्पतींची आपली गुप्त कृती वापरून ‘शार्त्रूज’ हे मद्य बनवायला सुरुवात केली. १९८९ पर्यंत ते इथे बनत होतं. बाटल्या आता संग्राहकांकडे असतात, पण सप्टेंबरातल्या सांता तेक्लाच्या उत्सवात लिंबाच्या बर्फगोळ्यात हिरवं आणि पिवळं शार्त्रूज घालून केलेली ‘मामादेता’ सगळं गाव पितं.

साठचं दशक

खरं वळण इथलं. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत १९५०च्या दशकाच्या शेवटी स्पेनने दारं उघडली, परकी भांडवल यायला लागलं आणि तारागोनाच्या पश्चिमेची सपाट शेतजमीन उद्योगांच्या डोळ्यांत भरली. खोल पाण्याचं बंदर, रेल्वे, फ्रान्सच्या सरहद्दीकडे जाणारा रस्ता आणि स्वस्त जमीन असं सगळं एका जागी होतं. बीएएसएफ, डाऊ अशा कंपन्या १९६०च्या दशकात आल्या. १९७०च्या दशकाच्या मध्याला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि साखळी पुरी झाली. कच्चं तेल बंदरात उतरतं, शुद्धीकरणातून नाफ्था निघतो, त्यातून इथिलीन आणि प्रोपिलीन हे वायू. मग ते नळांतून शेजारच्या कारखान्यात जातं आणि दाण्यांच्या रूपातलं प्लॅस्टिक होऊन पोत्यांत भरलं जातं. एकाचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असल्यामुळे यातला एकच कारखाना उचलून दुसरीकडे नेणं जवळपास अशक्य. ‘हे सगळं हलवा’ ही मागणी इथे कधी गंभीरपणे का उभी राहिली नाही, त्याचं अर्धं उत्तर या नळांच्या जाळ्यात आहे.

१९६० मध्ये शहराची वस्ती सुमारे ४३ हजार होती. १९८१ पर्यंत ती एक लाखाच्या पुढे गेली. आलेली माणसं बहुतांश आंदालुसिया, एक्स्त्रेमादुरा, आरागोन या भागांतली. त्यांना टेकडीवर जागा नव्हती आणि परवडणारीही नव्हती. त्यांची घरं फ्रांकोली नदीच्या पलीकडे झाली: तोर्रेफोर्ता, बोनाविस्ता, कांपक्लार. काही ठिकाणी आधी घरं आली, रस्ते, गटारं, शाळा मागाहून भांडून मिळवाव्या लागल्या. या वस्त्या आणि कारखान्यांची कुंपणं यांच्यात अंतर फार ठेवलं गेलं नाही. कामगाराला कामाजवळ राहायला मिळालं याकडे तेव्हा सोय म्हणूनच पाहिलं गेलं.

पाण्याची गोष्टही याच काळातली. कारखाने, पर्यटन आणि वाढती वस्ती, सगळे किनाऱ्याजवळच्या विहिरींवर तुटून पडले, समुद्राचं पाणी आत शिरलं आणि नळाला खारट पाणी यायला लागलं. रोमनांनी फ्रांकोलीचं पाणी आणण्यासाठी दरीवर २१७ मीटर लांब आणि २७ मीटर उंच जलसेतू बांधला होता, चुन्याशिवाय नुसता दगडावर दगड. लोक त्याला ‘सैतानाचा पूल’ म्हणतात. त्याच शहरात चहा खारट लागत होता. १९८१च्या कायद्याने तोडगा निघाला. एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या शेतीच्या कालव्यांना अस्तर करायचं, गळती थांबवायची आणि वाचलेल्या पाण्यापैकी सेकंदाला जास्तीत जास्त चार घनमीटर पाणी तारागोनाकडे वळवायचं. १९८९ मध्ये ते पाणी आलं. शेतकरी, उद्योग आणि शहर या तिघांनाही काही ना काही मिळालेला असा व्यवहार फार कमी वेळा दिसतो, आणि या सबंध प्रकरणातला सर्वांत नीट जुळलेला निर्णय मी याला म्हणेन.

पर्यटक गेले कुठे?

गेले शेजारी. दहा-बारा किलोमीटरवर सालोऊला रुंद, वाळूचा, रेल्वेच्या अडथळ्याशिवायचा किनारा आहे. हॉटेलं तिथे उभी राहिली. १९९५ मध्ये सालोऊ आणि विला-सेका यांच्या हद्दीत पोर्टअव्हेंतुरा ही प्रचंड मनोरंजननगरी सुरू झाली आणि कुटुंबांचा ओघ कायमचा तिकडे वळला. तारागोनाच्या वाट्याला येतो तो ढगाळ दिवशी किनाऱ्यावर कंटाळलेला पर्यटक: दुपारी बसने येतो, अँफिथिएटरचे फोटो काढतो, आइस्क्रीम खातो, संध्याकाळी परत जातो. वेगवान रेल्वेनेही फारसा हात दिला नाही. डिसेंबर २००६ मध्ये सुरू झालेलं ‘काम दे तारागोना’ स्थानक शहरापासून बरंच आत, शेतांमध्ये आहे. माद्रिदहून अडीच-तीन तासांत आलेल्या प्रवाशाला शेवटच्या टप्प्यासाठी पुन्हा बस किंवा टॅक्सी पकडावी लागते.

याचा एक फायदाही झाला. जुन्या गावात अजून लोक राहतात. मे महिन्यातला ‘तार्राको व्हिवा’ हा रोमन उत्सव १९९९ पासून चालतो. त्यात सैनिकाचा पोशाख घातलेले लोक पुष्कळदा पुरातत्त्वाचे अभ्यासक असतात आणि चिलखताचं वजन पाठीवर कसं वाटून घ्यायचं यावर तासभर बोलू शकतात.

थर

नदीच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाव एकमेकांना खांदा देतं ते ‘कास्तेल्स’मध्ये, म्हणजे मानवी मनोऱ्यांत. मूळ शेजारच्या वाल्स गावचं, पण तारागोनात चार पथकं आहेत. त्यांतलं एक सेराल्यो या कोळीवाड्याचं, एक उद्योगांच्या काळात उभ्या राहिलेल्या सान पेरे इ सान पाऊ वसाहतीचं. कमरेला कित्येक हात लांब काळं कापड गुंडाळतात. एकाने टोक ताणून धरायचं आणि दुसऱ्याने स्वतःभोवती गिरक्या घेत ते अंगावर आवळायचं. त्याने पाठीला आधार मिळतो आणि वर चढणाऱ्याला पाय रोवायला पायरी. पायथ्याशी शेकडो माणसं छाती-पाठ भिडवून उभी असतात. त्यांना वरचं काहीच दिसत नाही. ग्राल्या हे सनईच्या जातीचं वाद्य वाजत असतं, त्याच्या सुरांवरून मनोरा कुठवर गेला ते त्यांना कळतं. शेवटचं पोर वर पोचून हात उंचावतं तेव्हा लोक टाळ्या वाजवतात, पण पथक नाही. पुरे गुण मिळतात ते सगळे थर सुखरूप खाली उतरल्यावर.

आपल्या दहीहंडीशी याचं नातं नुसतं दिसण्यापुरतं नाही. २०१२ मध्ये ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला, तो १९८१चा स्पेनमधला विक्रम मोडूनच. अर्थात कातालान पथकं (म्हणजे कातालोनिया या तारागोनाच्याच प्रांतातली) फूट मोजत नाहीत, रचना मोजतात, आणि दहा थर त्यांनी १९९८ मध्येच लावले होते. २००६ मध्ये मातारो शहराच्या पथकातल्या एका मुलीचा पडून मृत्यू झाला, त्यानंतर वरच्या थरातल्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. आपल्याकडे वयाचा आणि उंचीचा प्रश्न कोर्टात गेला, तिथे तो पथकांनी वैद्यकीय अभ्यासकांना सोबत घेऊन सोडवायचा प्रयत्न केला. दर दोन वर्षांनी ऑक्टोबरात मोठी स्पर्धा होते ती तारागोनाच्या जुन्या बैलझुंजीच्या रिंगणात. कातालोनियात बैलझुंजी २०१२ पासून बंद आहेत, रिंगण मात्र गच्च भरतं.

१४ जानेवारी २०२०

संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास दक्षिण औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात रासायनिक क्रिया घडवणारी एक टाकी फुटली. कारखाना इथिलीन ऑक्साइड आणि त्यापासूनची रसायनं बनवणारा. दोन कामगार गेले. पण देशभर ज्याची चर्चा झाली तो तिसरा मृत्यू कारखान्यापासून अडीच-तीन किलोमीटरवर, तोर्रेफोर्तात झाला. टाकीचा सुमारे टनभर वजनाचा पत्रा उडून एका रहिवासी इमारतीवर आदळला, वरचं घर कोसळलं आणि खालच्या घरातला माणूस जागीच ठार झाला.

धोक्याचे भोंगे वाजले नाहीत. विषारी ढग नाही, म्हणून लोकांना घरात कोंडून घ्यायला सांगण्याची गरज नाही, असं नागरी संरक्षण विभागाचं म्हणणं होतं. तांत्रिक निकषांत ते बसतही असेल. पण आकाश केशरी झालेलं, काचा हादरलेल्या आणि वर्षानुवर्षं भोंग्यांच्या चाचण्या ऐकत आलेले लोक फोनवर एकमेकांना विचारत होते की खिडक्या लावायच्या का. कारखान्याचा धोका त्यांना नवा नव्हता. ११ जुलै १९७८ रोजी इथल्याच शुद्धीकरण कारखान्यातून प्रमाणाबाहेर प्रोपिलीन भरून निघालेला टँकर दक्षिणेला आल्कानारच्या किनाऱ्यावरच्या तंबू-छावणीशेजारी फुटला आणि २००हून जास्त सुटीकर गेले. १२ जून १९८७ला ‘एता’ या बास्क फुटीरतावादी संघटनेने इथल्या वायुवाहिन्यांखाली बॉम्ब लावले, तेव्हा घाबरलेल्या लोकांनी रात्री गाड्या काढून शहर सोडलं. त्या अनुभवांतूनच आपत्ती आराखडे आणि भोंगे आले होते. म्हणून २०२० मध्ये लोक चिडले ते यंत्रणा नव्हती म्हणून नाही, असून गप्प राहिली म्हणून.

पुढच्या आठवड्यांत मोर्चे निघाले. त्यांत चालणाऱ्या कित्येकांच्या घरातलं कुणी ना कुणी त्याच पट्ट्यात कामाला होतं, त्यामुळे मागण्या ‘बंद करा’च्या नव्हत्या. हवेत काय आहे ते मोजा आणि जाहीर करा, भोंगे वाजवा, तपासणी खरी करा, ठेकेदाराच्या कामगाराला कायम कामगाराएवढंच प्रशिक्षण द्या. त्यानंतरच्या काही वर्षांत स्पेनभर थेट मोबाइलवर इशारा पाठवणारी व्यवस्था आली, आता भोंग्याला तिची जोड आहे. घर आणि कारखाना यांच्यातलं अंतर मात्र कुठल्याच इशाऱ्याने वाढत नाही. ते ठरलं १९६०च्या दशकात आणि ते बदलायचं तर एकतर वस्ती हलवावी लागेल किंवा नळांची साखळी तोडावी लागेल. दोन्हींपैकी काहीही करायला आज कुठलाच पक्ष तयार नाही.

प्रवासाला जाणाऱ्यांच्या हाती मिळणारा नकाशा बहुधा रांबला नोवा, जुनं गाव आणि फार तर सेराल्योपर्यंत जातो. सेराल्योत रोमेस्को जरूर खा: भाजलेले टोमॅटो, लसूण, न्योरा मिरची, बदाम, हेझलनट आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेला हा रस्सा माशांसोबत वाढतात. पण रविवार हाताशी असेल तर सकाळी बस पकडून नदीपलीकडे बोनाविस्ताच्या आठवडी बाजारालाही जा. कपडे, भाज्या, ऑलिव्ह, स्वस्त चपला, आंदालुसियन हेल काढून ओरडणारे विक्रेते, आणि मागे उत्तर-दक्षिण दोन्हीकडे धुराडी. कॅथेड्रलची डागडुजी ज्या कमाईच्या जोरावर होते, तिचा बराच भाग या बाजूला कमावला जातो.